जुन्या मोटारसायकली आणि त्या चालवणारी माणसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या गाडीपाशी कुणी थांबलं की बोलणं इंजिनापासून सुरू होतं आणि थोड्याच वेळात माणसांवर येतं. ही कोण चालवायचं, कुठवर जायचं, वाटेत बंद पडली तर काय करायचं? म्हणून इथे यंत्राचे आणि माणसांचे प्रश्न मुद्दाम एकत्र घेतले आहेत. माझ्या मते ते वेगळे काढताच येत नाहीत.

किती जुनी गाडी ‘जुनी’ म्हणायची?

ब्रिटनमध्ये १९४६ साली व्हिंटेज मोटरसायकल क्लब स्थापन झाला, तेव्हा १९३१ च्या आधी बनलेल्या गाड्या वाचवणं हा त्याचा उद्देश होता. त्या परंपरेत १९१४ अखेरपर्यंतची गाडी ‘व्हेटरन’ आणि १९१५ ते १९३० मधली ‘व्हिंटेज’. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा किमान ३० वर्षांची अट घालते. बोलताना मात्र लोक चाळीस-पन्नास वर्षांच्या कुठल्याही गाडीला व्हिंटेज म्हणतात आणि त्यात काही बिघडत नाही.

मी स्वतः वर्षं मोजत नाही. मालकाला रस्त्याच्या कडेला बसून, पिशवीतल्या चार पान्यांनी जी पुन्हा सुरू करता येत होती, ती माझ्या लेखी जुनी गाडी.

माझ्या जन्माआधीच जिचं उत्पादन थांबलं, त्या गाडीची मला ओढ का वाटते?

हा प्रश्न तरुण मंडळी जरा संकोचून विचारतात. संकोचाचं काहीच कारण नाही. जुन्या मोटारसायकलचं सगळं काम डोळ्यांसमोर चालतं. सिलिंडर थंड ठेवणाऱ्या पात्या, झडपा (व्हॉल्व्ह) उघडणाऱ्या पुशरॉड दांड्यांच्या नळ्या, हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर, साखळी. काय कशाला जोडलंय आणि काय कशामुळे हलतंय, हे पाहून समजतं. समजलेल्या गोष्टीवर जीव जडतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ही गाडी स्वाराकडून सतत काहीतरी मागायची. व्हॉल्व्ह हलवणारं टॅपेट वाजायला लागलंय, साखळी सैल पडलीय, चढावर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय, हे सांगणारा दिवा नव्हता. ते कानाला, तळपायाला आणि हँडलवरच्या तळहाताला कळायचं. जुन्या स्वारांकडे पाहिलं की ही लक्ष देण्याची सवय दिसते. आपल्याला हुरहुर लागते ती बहुतेक त्या सवयीची, आणि ती मिळवायला त्या काळात जन्मलेलं असावं लागत नाही.

किक मारणं एवढं अवघड होतं का?

अवघड नव्हतं, पण त्याला क्रम होता आणि क्रम चुकला की गाडी पाय दुखवायची. मोठ्या एक-सिलिंडरच्या, मॅग्नेटोवर (बॅटरीशिवाय ठिणगी पाडणाऱ्या छोट्या यंत्रावर) चालणाऱ्या गाडीचं उदाहरण घ्या.

आधी टाकीखालचा पेट्रोलचा नळ उघडायचा. मग कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरवरची छोटी कळ दाबून धरायची, बोटाला पेट्रोल ओलं लागेपर्यंत. थंड इंजिनाला दाट मिश्रण लागतं, ते असं मिळायचं. हँडलवर ठिणगीची वेळ मागेपुढे करणारी एक छोटी लिव्हर असे. ती मागे घ्यायची, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल. यात हयगय केली तर पिस्टन वर पोहोचण्याआधीच स्फोट होतो, पिस्टन उलटा ढकलला जातो आणि किक तितक्याच जोराने पायावर परत येते. घोटे दुखावलेले, गुडघे सुजलेले लोक त्या काळी कमी नव्हते.

त्यानंतर किक हळूच दाबत न्यायची, पुढे जाईना अशी घट्ट लागेपर्यंत. तिथे कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण दाबलं जातंय. डिकॉम्प्रेशनची लिव्हर ओढली की एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह थोडा उचलला जातो आणि दाब सुटतो. तेवढ्यात पिस्टन सर्वांत वरच्या बिंदूच्या जरासा पुढे सरकवायचा. लिव्हर सोडायची, किक पुन्हा वर आणायची आणि आता एका दमात, शेवटपर्यंत खाली. असं केल्याने पुढचं कॉम्प्रेशन येण्याआधी जड फ्लायव्हीलला (इंजिनाची गती टिकवणाऱ्या चाकाला) जवळजवळ दोन फेऱ्यांची धाव मिळते. पायाची ताकद इथे दुय्यम आहे. म्हणूनच सडपातळ बांध्याची माणसंसुद्धा पाचशे सीसीची गाडी पहिल्या किकेत सुरू करायची, आणि अंगाने दणकट नवखा घामाघूम होऊन बाजूला व्हायचा.

जुन्या गाडीचा तो ठोका आता ऐकू का येत नाही?

फोर-स्ट्रोक इंजिनात, म्हणजे पिस्टनच्या चार धावांत एक चक्र पूर्ण होणाऱ्या इंजिनात, दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. एक-सिलिंडरची गाडी मिनिटाला ८०० फेऱ्यांवर मंद चालत असेल, तर मिनिटाला ४०० स्फोट, म्हणजे सेकंदाला सातही नाहीत. कान ते जवळजवळ एकेक वेगळे धरतो. लांब स्ट्रोक आणि जड फ्लायव्हील असल्यामुळे इंजिन इतक्या सावकाश चालूनही बंद पडत नसे.

हार्लेच्या व्ही-ट्विनची (व्ही आकारात बसवलेल्या दोन सिलिंडरच्या इंजिनाची) लंगडती लय वेगळ्या कारणाने येते. दोन सिलिंडरमध्ये ४५ अंशांचा कोन आणि पिस्टनना जोडणारे दोन्ही कनेक्टिंग रॉड क्रँकच्या (फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) एकाच पिनवर. त्यामुळे स्फोटांमधलं अंतर एकदा ३१५ अंश, एकदा ४०५ अंश असं असमान पडतं. १९३७ मध्ये आलेल्या ट्रायम्फ स्पीड ट्विनचे दोन्ही पिस्टन एकत्र वरखाली होतात आणि आळीपाळीने पेटतात, म्हणून तिचा आवाज सलग आणि भरीव लागतो. चार सिलिंडरच्या इंजिनात दर १८० अंशांना एक स्फोट होतो. तिथे ठोके एकमेकांत मिसळून जातात आणि उरतो तो सूर.

टू-स्ट्रोकचा निळा धूर आणि तो वास लोकांना इतका का आठवतो?

कारण त्यात ऑइल जळत असे. टू-स्ट्रोकमध्ये (पिस्टनच्या दोनच धावांत चक्र पूर्ण होणाऱ्या इंजिनात) ताजं मिश्रण क्रँककेसमधूनच, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतूनच, वर जातं, त्यामुळे वंगणाचं तेल पेट्रोलमध्ये मिसळावं लागे आणि इंधनाबरोबर तेही जळे. शर्यतीच्या गाड्यांमध्ये एरंडेलापासून बनवलेलं ऑइल वापरायचे. त्याचा किंचित गोडसर वास एकदा नाकात बसला की जन्मभर ओळखता येतो.

साधेपणा ही या इंजिनाची मोठी देणगी होती. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, हलणारे भाग मोजके. जर्मनीच्या डीकेडब्ल्यू आरटी १२५ या १९३९ च्या गाडीची रचना युद्धानंतर अनेक देशांनी उचलली. ब्रिटनची बीएसए बँटम, हार्लेची १२५ सीसीची छोटी गाडी, यामाहाची अगदी पहिली मोटारसायकल वायए-१ या सगळ्या एकाच आराखड्याच्या लेकी.

वेगवान टू-स्ट्रोकची कहाणी तर शीतयुद्धात जाऊन पोहोचते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन नावाचा अभियंता तुटपुंज्या साधनांवर काम करत होता. मध्ये फुगलेली आणि टोकाला निमुळती होणारी एक्झॉस्टची नळी त्याने इतकी बारकाईने जमवली, की बाहेर जाणाऱ्या दाबाची लाट परत फिरून सिलिंडरमधून निसटू पाहणारं ताजं मिश्रण आत ढकलायची. १९६१ च्या सप्टेंबरमध्ये त्याचा स्वार अर्न्स्ट डेगनर स्वीडनमधल्या शर्यतीतून पश्चिमेकडे पळाला. त्याच सुमारास त्याच्या बायकोमुलांना गाडीच्या डिकीत लपवून सीमेपार आणलं गेलं. डेगनर सुझुकीकडे गेला, काडेनची विद्या त्याच्याबरोबर गेली, आणि १९६२ मध्ये ५० सीसी गटात सुझुकीला पहिलं जगज्जेतेपद मिळालं. डेगनरची सुटका मला समजते. पण जपानी टू-स्ट्रोकचं कौतुक होताना काडेनचं नाव घेतलं जात नाही, याचं वाईट वाटतं.

त्या काळातले कोणते स्वार माहीत असायलाच हवेत?

प्रत्येकाची यादी वेगळी. माझ्या यादीत आधी बर्ट मन्रो. न्यूझीलंडच्या इन्व्हरकारगिलचा हा माणूस १९२० सालची इंडियन स्काउट आयुष्यभर सुधारत राहिला. पिस्टनही घरीच ओतायचा. मुळात ६०० सीसीची, ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास जाणारी ही गाडी. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मीठपठारावर त्याने तिला ताशी सुमारे २९५ किलोमीटरवर नेलं आणि १००० सीसीखालच्या गटात विक्रम केला.

त्याच पठारावर १९४८ मध्ये रोली फ्री हा स्वार व्हिन्सेंट मोटारसायकलवर आडवा झोपून, पाय मागे ताणून, ताशी १५० मैलांच्या पुढे गेला होता. आधीच्या फेरीत चामड्याचे कपडे वाऱ्याने फाटले, म्हणून शेवटच्या फेरीला अंगावर पोहण्याची चड्डी, डोक्यावर टोपी आणि पायांत बूट एवढंच. ते छायाचित्र जगभर फिरलं.

ब्रिटिश स्वार माइक हेलवुड १९६७ नंतर आइल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) शर्यतीपासून दूर गेला होता. मधल्या काळात त्याने मोटारींच्या शर्यती केल्या. १९७३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पेटलेल्या गाडीतून क्ले रेगाझोनीला बाहेर काढल्याबद्दल त्याला जॉर्ज पदक मिळालं, आणि १९७४ च्या अपघाताने पाय कायमचा दुखावला. तरीही १९७८ मध्ये, ३८ व्या वर्षी, तो टीटीला परतला आणि डुकाटीवर जिंकला. तीनच वर्षांनी साध्या रस्त्यावरच्या अपघातात तो आणि त्याची लहान मुलगी गेली.

जोई डनलॉप टीटीच्या २६ शर्यती जिंकला, त्यातल्या शेवटच्या तीन २००० साली, वयाच्या ४८ व्या वर्षी. महिन्याभरातच एस्टोनियात शर्यतीत त्याचा मृत्यू झाला. पण त्याच्याविषयी मला सर्वांत जवळची वाटणारी गोष्ट शर्यतीबाहेरची आहे. रोमानिया, अल्बेनिया, बोस्नियातल्या अनाथालयांसाठी तो स्वतः व्हॅन भरून, एकट्याने चालवत मदत घेऊन जायचा.

त्या काळात स्त्रिया मोटारसायकल चालवत होत्या का?

हो, आणि त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं.

१९१६ मध्ये ऑगस्टा आणि अॅडेलिन व्हॅन ब्युरेन या बहिणी दोन इंडियन गाड्यांवर अमेरिका आडवी पार करून गेल्या. सैन्यात निरोप्या म्हणून स्त्रिया गाडी चालवू शकतात, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. वाटेत पुरुषी कपडे घातले म्हणून त्यांना पोलिसांनी अडवलं. प्रवास पूर्ण झाल्यावर त्यांचा सैन्यासाठीचा अर्ज नाकारला गेला.

थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन डिसेंबर १९३४ मध्ये लंडनहून निघाल्या. ६०० सीसीची पँथर, तिला साइडकार, मागे ट्रेलर. सहारा ओलांडून जुलै १९३५ मध्ये केप टाउनला पोहोचल्या. वाळवंटात रुतलेला हा सगळा लवाजमा दोघींनी किती वेळा ओढून काढला असेल, याचा विचार केला तरी खांदे दुखतात.

इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या पट्ट्यावर ताशी १०० मैलांहून वेगवान फेरी मारणाऱ्या स्वाराला सुवर्णतारा मिळे. मोटारसायकलवर तो मिळवणाऱ्या स्त्रिया तीनच: ब्लेंकिरन, वॉलक आणि बिअट्रिस शिलिंग. शिलिंग अभियंता होत्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमान एकदम खाली झेपावलं की त्याचं मर्लिन इंजिन गुदमरायचं. कार्बोरेटरकडे जाणाऱ्या पेट्रोलवर मर्यादा आणणारी एक छोटी चकती बसवून त्यांनी तो दोष आटोक्यात आणला. नॉर्टनच्या कार्बोरेटरशी झगडलेले हात होते ते.

आणि बेसी स्ट्रिंगफील्ड. १९३० आणि ४० च्या दशकांत ही कृष्णवर्णीय स्त्री एकटी अमेरिकाभर फिरली. हॉटेलं तिला खोली देत नसत, तेव्हा पेट्रोल पंपावर गाडीवरच, हँडलवर डोकं टेकून झोपायची. युद्धकाळात ती सैन्यासाठी निरोपही पोहोचवायची.

‘कॅफे रेसर’ म्हणजे नेमके कोण?

१९५० आणि ६० च्या दशकांतली ब्रिटनमधली कामगार घरांतली तरुण मुलं. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरचा एस कॅफे ट्रकचालकांसाठी रात्रभर उघडा असायचा, तिथे ही मुलं जमायची. ताशी १०० मैल गाठणं हे ध्येय. अनावश्यक ते सगळं काढून टाकायचं, हँडल खाली घ्यायचं, पाय मागे. सर्वांत मान ‘ट्रायटन’ला: नॉर्टनची फेदरबेड चौकट आणि तिच्यात ट्रायम्फचं इंजिन. रस्त्यावर उत्तम धरून चालणारी चौकट एकाकडे, सहज वाढवता येणारी ताकद दुसऱ्याकडे. ही जोडी मोठ्या कारखान्यांची नव्हती, मुलांनी स्वतः जुळवली.

वर्तमानपत्रं त्यांना गुंड म्हणत. १९६२ मध्ये बिल शेरगोल्ड नावाच्या पाद्र्याने मात्र आपल्या ‘५९ क्लब’चं दार त्यांच्यासाठी उघडलं. तो स्वतः ट्रायम्फ चालवायचा. एस कॅफे १९६९ मध्ये बंद पडला आणि २००१ मध्ये पुन्हा उघडला.

तो काळ खरंच इतका चांगला होता?

गाडीच्या बाबतीत काही अंशी. स्वाराच्या जिवाच्या बाबतीत अजिबात नाही. ड्रम ब्रेक उतारावर तापून सुटायचे, सहा व्होल्टच्या दिव्याने रात्री चार पावलांपुढचं दिसत नसे, आणि डोक्यावर बहुधा कापडी टोपी.

मे १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, आपल्या ब्रॉ सुपीरियर मोटारसायकलवर असताना सायकलवरच्या दोन मुलांना चुकवायला गेला आणि फेकला गेला. हेल्मेट नव्हतं. सहा दिवस बेशुद्ध राहून तो वारला. त्याला पाहणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हा मेंदूचा शल्यविशारद होता. या मृत्यूनंतर त्याने मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास हाती घेतला आणि १९४१ मध्ये निष्कर्ष छापले. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. ब्रिटनच्या सामान्य नागरिकांसाठी ती सक्ती यायला १९७३ उजाडलं.

जुन्या गाडीला शोभावं म्हणून जुन्या पद्धतीची चामडी टोपी घालून निघणारे आजही दिसतात. कृपा करून तसं करू नका. गाडी १९५० ची असू द्या, हेल्मेट आजचं हवं.

मग तो काळ संपला कशामुळे?

फक्त ‘जपानमुळे’ हे उत्तर अपुरं आहे. होंडा १९५९ मध्ये पहिल्यांदा टीटीत उतरली आणि दोनच वर्षांत हेलवुडने तिच्यासाठी १२५ आणि २५० सीसीच्या शर्यती जिंकल्या. इशारा उघड होता. ब्रिटिश कारखाने मात्र दशकांपूर्वीच्या यंत्रांवर तेच इंजिन काढत राहिले. त्यांची क्रँककेस उभी दुभागलेली असे, आणि त्या सांध्यातून ऑइल पाझरायचं. १९६९ मध्ये होंडाची सीबी ७५० आली: चार सिलिंडर, बटणावर सुरू होणारी, पुढे डिस्क ब्रेक आणि खाली ऑइलचा थेंब नाही. इंग्लंडमधल्या मेरिडनच्या ट्रायम्फ कामगारांनी १९७३ मध्ये कारखाना ताब्यात घेतला, पुढे सहकारी तत्त्वावर चालवून १९८३ पर्यंत तगवला. हरण्याआधी इतकं लढलेल्या त्या माणसांविषयी मला फार आदर आहे.

घरात अनेक वर्षं उभी असलेली गाडी सुरू करायची आहे. सुरुवात कुठून करू?

किक मारून नक्कीच नाही. सगळ्यात जास्त इंजिनं या पहिल्या उत्साहात खराब होतात.

प्लग काढा. सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि दोन-तीन दिवस मुरू द्या. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने अगदी हळू पुढेमागे करा. पिस्टन हलला तर उत्तम. जाम असेल तर किकवर उभं राहून जोर लावू नका. गंज सोडवणारं तेल घाला आणि आणखी वाट पाहा.

टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा, आत बॅटरीचा उजेड टाकून गंज पाहा. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल वाळून चिकट थर होतो, जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) त्यानेच बंद होतात. ते तारेने कोरू नका, भोक मोठं होतं. द्रावणात भिजवून हवेने साफ करा. रबरी नळ्या बदलाच, कारण आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला खातं. जुनं ऑइल काढा. ऑइलची टाकी वेगळी असलेल्या गाडीत एवढ्या वर्षांत सगळं ऑइल झिरपून इंजिनाच्या तळाशी साचलेलं असू शकतं, तेही काढा. ठिणगी पाडणारे कॉन्टॅक्ट पॉइंट साफ करून त्यांच्यातलं अंतर गाडीच्या पुस्तकाप्रमाणे लावा. अनेक गाड्यांना ते ०.४ मिलिमीटरच्या आसपास असतं.

टायरला नक्षी शिल्लक आहे यावर विसंबू नका. २००० नंतरच्या टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ते आकडे नसतील तर टायर त्याहूनही जुना. बदला. ब्रेक उघडून पाहिल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढू नका.

आणि काढलेला एकही भाग टाकून देऊ नका, गंजका बोल्टसुद्धा. पुढे नेमका तोच आटा कुठे मिळत नाही.

रंग नवा करावा का?

मूळ रंग अर्धा जरी शिल्लक असेल तर माझं मत स्पष्ट ‘नाही’ असं आहे. टाकीवर गुडघे घासून उडालेला रंग, लिव्हरवरची झीज, या खुणा एका माणसाच्या बसण्याच्या आहेत. गंज थांबवा, मेण लावा, पुढे जाऊ नका. चौकट आतून कुजली असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा रंगाचा विचार न करता आधी जीव वाचवा.

गाडी चालवावी की संग्रहालयात द्यावी?

चालवावी. उभ्या गाडीचे सील सुकतात, टाकी गंजते. संग्रहालयंही पूर्ण निर्धोक नसतात: इंग्लंडच्या नॅशनल मोटरसायकल म्युझियममध्ये सप्टेंबर २००३ मध्ये आणि ऑस्ट्रियातल्या टिमेल्सयोख घाटातल्या संग्रहालयात जानेवारी २०२१ मध्ये लागलेल्या आगींत शेकडो गाड्या जळाल्या. अगदीच दुर्मीळ, एकमेव उरलेली गाडी असेल तर ती जाणत्या संस्थेकडे असणं योग्य.

घरातल्या, ओळखीतल्या जुन्या स्वारांच्या आठवणी कशा जपायच्या?

लवकर. सुटे भाग पुन्हा बनवता येतात, माणसं नाही.

‘तुमच्या गाडीबद्दल काहीतरी सांगा’ असं विचारलं की दोन वाक्यांत संपतं. त्यांना गाडीशेजारी बसवा, शक्य असेल तर हँडल हातात द्या, आणि नेमकं विचारा. थंडीत सुरू कशी करायचा? पावसात मॅग्नेटो भिजला तर? सोबत कोणते पाने असायचे? साखळी तुटली तेव्हा घरी कसे आलात? मागे कोण बसायचं? गाडी विकली तेव्हा घरातलं कोण काय म्हणालं? हाताच्या हालचालींसह उत्तरं येतील, म्हणून नुसता आवाज न घेता चित्रण करा. मध्येच थांबले तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. बरेच जण थोडं थांबूनच मनातलं बोलतात.

जुन्या छायाचित्रांच्या मागे पेन्सिलने नावं, ठिकाण आणि वर्ष त्यांच्याकडूनच लिहून घ्या. गाडी चालू स्थितीत असेल तर तिचा आवाज थंड असताना, तापल्यावर आणि चढावर असा वेगवेगळा ध्वनिमुद्रित करा. पुढे कधी इंजिन उघडावं लागलं तर मूळ आवाज कसा होता हे पडताळायला तो उपयोगी पडतो. या सगळ्याची एक प्रत गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा, म्हणजे उद्या गाडी दुसऱ्या हातात गेली तरी नव्या मालकाला तिच्याबरोबर तिचा स्वारही मिळेल.